उकळलेल्या चहाची कैफियत

परवां एका स्नेह्यांकडे जाण्याचा योग आला. त्यांच्या वृद्ध मातोश्रींनीं आलें घालून केलेला वाफाळता चहा आमच्यापुढें ठेवला, आणि आम्ही पहिला घोट घेतों न घेतों तोंच गृहस्थ ओशाळून म्हणाले, "माफ करा हं, आमच्या आईला चहा उकळण्याची जुनी खोड आहे. खरा चहा उकळायचा नसतो." मातोश्री कांहीं न बोलतां आंत गेल्या. चहा उत्तम होता. कडू झाली ती बैठक.

हें मत त्या एका गृहस्थांचें असतें तर आम्ही लेखणी उचलली नसती. परंतु चहा उकळणें म्हणजे गांवढळपणा, आणि चहादाणींत कढत पाणी ओतून दूध वेगळें देणें म्हणजे सुसंस्कृतपणा, अशी समजूत आमच्या सुशिक्षित कुटुंबांत बरीच रुजलेली आहे. ती आम्हांस मान्य नाहीं. आणि याचें कारण अभिमानांत नसून चहाच्या पुडींत आहे.

चहादाणीचा नियम अखंड पानाचा आहे. दार्जिलिंगच्या लांब पानाचा जीव त्याच्या सुगंधांत असतो, आणि सुगंध वाफेबरोबर उडून जातो. तें पान पातेल्यांत खळखळां उकळणें हा अपराधच. परंतु आमच्या घरोघरीं येतो तो चहा निराळा. १९३० सालीं आसामांत विल्यम मॅककर्चर यांनीं पान चिरडून, फाडून, वळवून त्याचे दाणे करणारें यंत्र काढलें. त्या तीन क्रियांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून या चहास 'सीटीसी' म्हणतात, आणि आज भारतांत होणाऱ्या चहाचा फार मोठा भाग याच जातीचा असतो. हा दाणा रंग व कडकपणा झपाट्यानें सोडतो. नाजूक सुगंध त्याच्यापाशीं मुळांतच थोडा. दुधांतील प्रथिनें चहाचा तुरटपणा आपल्याशीं बांधून घेतात, म्हणून भरपूर दूध पेलावयाचें तर अर्कही तसाच कसदार हवा. उकळीनें तो सहज मिळतो. उलट या दाण्यांवर जेमतेम तापलेलें पाणी ओतून, वर थंड दूध घालून जें कोमट पेय कित्येक घरीं थाटानें पुढें येतें, त्यास ना दार्जिलिंगचा गंध, ना आसामचा जोर!

कोणी म्हणेल, इंग्रज या विषयांतले जाणते. त्यांचें प्रमाण मानावयास नको काय? मानूं या. जॉर्ज ऑर्वेल यांनीं १९४६ सालीं लंडनच्या एका वृत्तपत्रांत उत्तम चहाचे अकरा नियम दिले. त्यांतील एक असा कीं, पानांवर पडतांना पाणी खळखळत असलें पाहिजे. दुसरा असा कीं, चहांत साखर घालूं नये. आमचे सुधारक पहिला नियम पाळीत नाहींत, दुसरा त्यांना झेपत नाहीं. त्यांनीं उचलली ती फक्त चहादाणी. १९८० सालीं आंतरराष्ट्रीय मानक संस्थेनें शंभर मिलिलिटर पाण्यास दोन ग्रॅम चहा व सहा मिनिटें अशी रीत ठरवून दिली खरी. पण तीही चहाचे नमुने ताडून पाहण्यासाठीं, पाहुण्यांसाठीं नव्हे.

तथापि उकळणारांचा पक्ष निर्दोष आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. सकाळचा चोथा संध्याकाळीं पुन्हा चढविणें, पाहुणे येईपर्यंत पातेलें मंद आंचेवर तसेंच ठेवणें, पुडीचा डबा मसाल्यांशेजारीं उघडा टाकणें, या चुका घरोघर होतात. चहा भोंवतालचा वास व ओल शोषून घेतो. आणि वाजवीपेक्षां अधिक उकळला कीं त्याचा काढा होतो. उकळणें आणि आटविणें यांतला भेद ज्यांस कळत नाहीं, त्यांच्यामुळेंच आमची बाजू लंगडी पडते.

मग योग्य रीत कोणती? दोन कपांसाठीं दीड कप ताज्या पाण्याचें आधण ठेवावें. साखर, ठेचलेलें आलें, असल्यास गवती चहाची पात आधींच घालावी. आलें पाण्यांत नीट उकळूं द्यावें; कारण कच्च्या आल्यांतील एक द्रव्य दूध नासवितें, आणि उकळीनें त्याचा तो गुण नाहींसा होतो. मग दोन लहान चमचे पूड घालून दोन मिनिटें उकळावें. वेगळें तापविलेलें अर्धा ते पाऊण कप दूध घालावें, एक उकळी वर येऊं द्यावी, आणि आंच बंद करून मिनिटभर झांकण ठेवावें. गाळून लगेच द्यावा.

या रीतींत नवें कांहींच नाहीं, हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. त्या मातोश्रींनीं नेमकें हेंच केलें होतें. कोणत्या चहास काय सोसतें, हें त्यांना पुस्तकावांचून ठाऊक होतें. त्यांच्या चिरंजीवांना पुस्तकें वाचूनही तें कळलें नव्हतें. परक्यांची रीत जरूर घ्यावी, परंतु ती कशासाठीं आहे हें पाहून घ्यावी. आणि घरच्या रीतीची लाज वाटावयाचीच असेल, तर निदान आधीं घोट घेऊन मग वाटावी. त्या दिवशीं शिष्टाचारापोटीं आम्हीही गप्प बसलों. मातोश्रींच्या देखत जें बोलावयास हवें होतें, तें आज येथें लिहीत आहों.