दुसरा आलेला गुरू

स्टीपलचेज ही काय भानगड आहे, हे आपल्याकडे बहुतेकांना कळलं ते अविनाश साबळेमुळे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या या फौजीचं बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेतलं सुवर्ण २०२२ मध्ये ०.०५ सेकंदाने हुकलं, तेव्हा गावोगाव लोक हळहळले. आज लिहायचंय ते असंच दुसऱ्या आलेल्या एका माणसाबद्दल. फरक इतकाच, की तो तीनदा दुसरा आला.

पॅट्रिक सांग. केनियातल्या नांदी भागातले. १९९१ ला टोकियोत आणि १९९३ ला स्टुटगार्टमध्ये, जागतिक स्पर्धेत रौप्य. दोन्ही वेळा पुढे मोझेस किप्टानुई. मधल्या वर्षी बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये केनियाने तिन्ही पदकं नेली. सुवर्ण मॅथ्यू बिरीरचं, सांग पाऊण सेकंदाच्या आत मागे.

स्टीपलचेजच्या ३००० मीटरमध्ये २८ अडथळे आणि ७ वेळा पाणी. इथला अडथळा हर्डल्ससारखा धक्का लागून पडत नाही. पडतो तो माणूस. पाण्यावरच्या फळीवर पाय रोवायचा, लांब झेपावायचं, एक पाय पाण्यात, दुसरा बाहेर, आणि चिंब बुटाने पुन्हा लय पकडायची. लय पस्तीस वेळा मोडते. ती मोडणारच, हे धरूनच धावायचं असतं. माझ्या मते सांग यांच्यातला प्रशिक्षक इथेच घडला.

टेक्सास विद्यापीठात शिकलेला हा माणूस कुठेही खुर्ची मिळवू शकला असता. तो नांदीत पोरांच्या शर्यती भरवू लागला. तिथे एक मुलगा आला आणि सराव काय करू म्हणाला. कागद-पेन जवळ नव्हतं. सांग यांनी काडी उचलली आणि मुलाच्या हातावरच सराव खरडून दिला. मुलगा तो करून पुन्हा हजर. त्याची आई बालवाडीची शिक्षिका, लहानपणी सांग यांनाही शिकवलेली. मुलाचं नाव एलियूड किपचोगे.

पुढचं जगाला ठाऊक आहे: दोन ऑलिम्पिक मॅरेथॉन सुवर्णं, २०१९ ला व्हिएन्नात १ तास ५९ मिनिटं ४० सेकंद. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते २०१२. लंडन ऑलिम्पिकच्या केनियन संघात किपचोगेला जागा मिळाली नाही. ट्रॅकवरचं दुकान बंद झालं म्हणायचं. तो मॅरेथॉनकडे वळला, गुरू मात्र तोच राहिला. बाळंतपणानंतर ट्रॅकवर परतलेली फेथ किपयेगॉनही पुढे त्यांच्याच हाताखाली १५०० मीटरचा विश्वविक्रम ३ मिनिटं ४८.६८ सेकंदांवर घेऊन गेली. मोडलेली लय पुन्हा धरायची कशी, हे पायांनी शिकलेला माणूस शेजारी उभा असला की असं होतं. (आडनाव ‘सांग’, पण बोलणं मोजकं. त्यांच्या कप्टागटच्या शिबिरात झाडलोटीची पाळी विश्वविजेत्यालाही चुकत नाही, हे तिथे ओरडून सांगावं लागत नाही.)

आता आपल्याकडे या. माणच्या मोही गावची ललिता बाबर २०१६ ला रिओत स्टीपलचेजच्या अंतिम फेरीत धावली. सरकारने तिला महसूल खात्यात अधिकारी केलं. तिचा तो हक्कच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार सरकारच्या कल्पनेबद्दल आहे. खेळाडूचा गौरव म्हणजे खुर्ची, एवढंच आपल्याला सुचतं. पाण्याच्या अडथळ्यावर पाय कुठे ठेवायचा हे ऑलिम्पिकमध्ये शिकलेली बाई महाराष्ट्रात एकच, आणि तिच्यापुढे आपण सातबाराच्या फायली ठेवतो.

क्रीडा खात्याला एक विनंती. हुद्दा तोच ठेवा, पगार तोच ठेवा. तिची इच्छा असेल तर नेमणूक मात्र माणच्या एखाद्या मैदानावर द्या.