पन्नास पेट्या माती

ब्रॅम स्टोकरचा ड्रॅक्युला लंडनला निघतो तेव्हा पन्नास पेट्या भरून आपल्या गावची माती बरोबर घेतो. ‘डिमीटर’ नावाच्या जहाजातून त्या पेट्या वार्नाहून व्हिटबीच्या किनाऱ्याला लागतात. १८९७च्या या कादंबरीवर पुढे इतके चित्रपट निघाले की सुळे, काळा झगा आणि वटवाघळं एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं, माती मागे पडली. खरं तर सगळी गोम त्या मातीत आहे. रक्त त्याला कुणाचंही चालतं, झोपायला मात्र स्वतःच्याच गावची माती लागते. घर घ्यायचं म्हणून तो वकील बोलावतो, खरेदीचे कागद करतो, इंग्लंडच्या रेल्वेचं वेळापत्रक आडवं पडून वाचतो. परक्या मुलखात बस्तान बसवू पाहणाऱ्या माणसासारखी त्याची सगळी तयारी असते.

मराठीत शहरी अद्भुतकथा लिहू पाहणारी एक पिढी आज आहे. ती इंग्रजी कादंबऱ्या आणि मालिकांवर वाढली आहे आणि व्हॅम्पायर तिला मुंज्याइतकाच ओळखीचा आहे. यात वावगं काही नाही. पण या लेखकांनी व्हॅम्पायर मागवला आणि त्याच्या पेट्या बंदरावरच सोडल्या. त्यामुळे पात्रांची नावं मराठी असली तरी रस्ते, हवा, भीती सगळं उसनं वाटतं. ज्या इंग्रजी लेखकांकडून हे घेतलं, त्यांनी मात्र आपापलं गाव घट्ट धरलं होतं. लॉरेल हॅमिल्टनची अनिता ब्लेक १९९३पासून सेंट लुईसमध्ये वावरते. जिम बुचरचा जादूगार हॅरी ड्रेस्डेन शिकागोच्या टेलिफोन डिरेक्टरीत आपली जाहिरात देतो. शार्लेन हॅरिसने २००१मध्ये लुइझियानातलं एक लहानसं काल्पनिक गाव रचलं. तिथं कृत्रिम रक्त बाटलीतून विकत मिळतं आणि शेजारपाजारचे लोक व्हॅम्पायरला नाकं मुरडतात. या पुस्तकांची गंमत त्या गावगप्पांत आहे.

मराठीत ही गोष्ट नारायण धारपांना फार आधी उमगली होती. १९२५ ते २००८ एवढं आयुष्य लाभलेला हा विज्ञानाचा पदवीधर लेखक होता आणि त्याच्या भयकथांना शिस्त होती. अमानवी शक्तीलाही नियम असतात, ते कळले की तिच्याशी सामना करता येतो, हा ‘समर्थ’ या त्यांच्या नायकाच्या कथांचा पायाच आहे. त्यांची ‘लुचाई’ स्टीफन किंगच्या १९७५च्या ‘सेलम्स लॉट’वर बेतलेली आहे. त्यांच्या बऱ्याच कथानकांचा उगम किंग आणि लव्हक्राफ्ट यांच्यापर्यंत जातो, हे वाचकांनी केव्हाच ओळखलं आहे. या उसनवारीचं ऋण ठळकपणे मान्य व्हायला हवं. तरीही धारपांनी केलेलं काम नुसत्या नावं बदलण्याच्या पलीकडचं होतं. अमेरिकेच्या ईशान्य टोकाची थंडी आणि चर्च त्यांनी बाजूला ठेवलं. मराठी माणूस संकटात कुणाकडे धावतो, घरात काय लपवतो, देवापुढे काय कबूल करतो, हे त्यांनी पक्कं जाणलं. त्यांची एक कथा राही अनिल बर्वेंनी नागझिऱ्याच्या जंगलात मित्राच्या तोंडून ऐकली आणि तिच्या बीजावर पुढे ‘तुंबाड’ हा चित्रपट केला. २०१८मध्ये तो बेताचाच चालला. २०२४मध्ये पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त प्रेक्षक थिएटरात आले. कोकणचा पाऊस आणि कुजत चाललेला वाडा यांना दुसऱ्या कुठल्या मुलखात हलवताच आलं नसतं.

रत्नाकर मतकरींची वाट वेगळी. बँकेत नोकरी, मुलांसाठी नाटकं, चित्रकला आणि शिवाय गूढकथा, असा त्यांचा संसार होता. ‘अलबत्या गलबत्या’तल्या चेटकिणीवर पोरांना खदखदून हसवणाऱ्या याच माणसाने ‘खेकडा’सारख्या कथांमधून मोठ्यांची झोप उडवली. त्यांच्या कथांतलं भय मध्यमवर्गीय घरात, नात्यांच्या आत शिरतं. मराठीत शहरी अद्भुताचा पाया कुणी घातला असं विचारलं, तर मतकरींचं नाव पहिलं घ्यावं लागेल.

हे सगळं पुण्या-मुंबईचं झालं. आता नकाशावर दक्षिणेला, उत्तर कन्नडमधल्या जोयडा तालुक्याकडे पाहावं. पश्चिमेला गोवा, उत्तरेला खानापूर, मधे सह्याद्रीचं दाट रान. कोकणी, मराठी आणि कन्नड इथं एकाच घरात, कधी एकाच वाक्यात ऐकू येतात. कॅसलरॉक स्टेशन याच तालुक्यात आहे. गोवा पोर्तुगीजांकडे होता तेव्हा एका राज्याची हद्द तिथं संपायची आणि दुसऱ्याची सुरू व्हायची. रात्रीच्या गाडीतून उतरलेल्या परक्या प्रवाशाचं सामान कस्टमचा माणूस उघडायला सांगतो आणि पेटीत निघते फक्त माती. याहून चांगली सुरुवात कुठल्या कादंबरीला हवी?

पण जोयड्याची खरी कथा पाण्याखाली आहे. या तालुक्याचं जुनं नाव सुपा, आणि सुपा हेच त्याचं मुख्य गाव. याच तालुक्यात डिग्गीच्या बाजूला उगम पावणाऱ्या काळी नदीवर गणेशगुडीजवळ १०१ मीटर उंचीचं धरण बांधलं गेलं. १९८०च्या दशकात काम पुरं झालं आणि सुपा गाव जलाशयात गेलं. तालुक्याचं ठाणं जोयड्याला हललं, विस्थापितांची वस्ती रामनगरला झाली. ड्रॅक्युलाला निदान पन्नास पेट्या नेता आल्या. सुप्याच्या माणसांना शेत, परसातली विहीर, पिंपळ, गावच्या सीमेवरचा दगड यांतलं काहीच उचलून नेता आलं नाही. झाडावर मुंजा होता तो झाडासकट बुडाला का? डोहातल्या गिऱ्ह्याला एकाएकी पाच-पंचवीस गावांएवढं पाणी मिळालं, त्याचं त्याने काय केलं? सीमेवर राखण करणाऱ्याची सीमाच बुडाली, तर तो आता कुठं उभा राहतो? हे प्रश्न गमतीचे नाहीत. माणसाच्या पुनर्वसनाचा निदान कागद निघतो. गावाच्या भुताखेतांचा आणि राखणदारांचा हिशेब कुणी ठेवत नाही, आणि गाव तुटतं ते तिथंही तुटतं.

स्टोकरच्या कादंबरीत आणखी एक नियम आहे. व्हॅम्पायरला वाहतं पाणी मनाला येईल तेव्हा ओलांडता येत नाही, भरती-ओहोटीची वेळ साधावी लागते. काळी वाहती होती तेव्हा ती त्याला अडवू शकली असती. धरणांनी तिला जागोजाग थोपवलं आणि वाट मोकळी झाली. एका नियमातून अख्खी मराठी कादंबरी उभी राहू शकते. त्यासाठी लेखकाला पाटबंधाऱ्याची आणि भूसंपादनाची माहिती मात्र पक्की हवी.

या मुलखाला व्हॅम्पायर आयात करण्याची गरजही फारशी नाही. गोव्यात आमोणे, प्रियोळ, लोलये इथं वेताळ ग्रामदेव म्हणून उभा आहे. सिंधुदुर्गात आरवलीच्या वेतोबाला भाविक केळ्यांचे घड वाहतात आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला अर्पण करतात. देव रात्री गावाची फेरी करतो आणि त्या चपला झिजतात, असं लोक मानतात. रिचर्ड बर्टनने १८७०मध्ये आपल्याकडच्या वेताळकथा ‘विक्रम अँड द व्हॅम्पायर’ या नावाने इंग्रजीत नेल्या. स्टोकर या बर्टनला प्रत्यक्ष भेटला होता. बोलताना बर्टनचा वरचा ओठ उचलला जाई आणि सुळा पुरता दिसे, ही आठवण स्टोकरने पुढे नट हेन्री आयर्विंगवरच्या पुस्तकात लिहून ठेवली. ड्रॅक्युलाच्या चेहऱ्यात बर्टन किती उतरला याचा वाद अभ्यासकांनी घालावा. लेखकाच्या कामाचं सूत्र वेगळं आहे. प्रेतात शिरून राजाला कोडी घालणारा आणि गावासाठी रात्रभर पायपीट करणारा, अशी दोन्ही रूपं एकाच वेताळाची आहेत. एवढं गुंतागुंतीचं पात्र घरात असताना नव्या लेखकाने फिक्कट चेहऱ्याच्या काउंटकडे धाव घ्यावी, याचं वाईट वाटतं.

वटवाघळांची बदनामीही आता थांबावी. रक्त पिणाऱ्या वटवाघळांच्या जगात तीनच जाती आहेत आणि तिन्ही अमेरिका खंडात राहतात. स्टोकरलाही हे ठाऊक होतं. त्याचं एक पात्र आपली घोडी दक्षिण अमेरिकेतल्या पम्पास गवताळ प्रदेशात वटवाघळांनी मारल्याचं सांगतं. जोयड्याच्या उत्तरेला, खानापूरच्या रानात तळेवाडीजवळ बारापेडे गुहा आहेत. तिथलं राटनचं वटवाघूळ १९१३मध्ये ऑल्डफील्ड थॉमसने शास्त्राला परिचित करून दिलं. कितीतरी वर्षं या जातीचं जगात माहीत असलेलं घर म्हणजे ही एकच जागा होती. पुढे ती मेघालयात आणि कंबोडियातही आढळली. हा प्राणी किडे खातो. अशा दुर्मिळ जिवाला राक्षस बनवणारी गोष्ट या परिसरात तरी कुणी लिहू नये.

इथले खरे रक्तपिपासू बोटाच्या टोकावर मावतात. पावसात जळू आणि कोरड्या दिवसांत गोचीड. १९५७मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात ओळखला गेलेला माकडताप गोचिडीच्या चाव्यातून माणसाला होतो. २०१५मध्ये तो गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६मध्ये दोडामार्गात पोचला. काजूच्या बागेत, सरपणाला किंवा गुरांमागे रानात जाणाऱ्यांनाच तो गाठतो. म्हणजे रक्त शोषणारा इथंही आहे आणि तोही गरिबाचंच दार आधी ठोठावतो. भयकथेने याकडे पाहिलं, तर कदाचित आरोग्य खात्याच्या पत्रकापेक्षा ती लोकांना जास्त लक्षात राहील.

स्टोकर ट्रान्सिल्व्हानियाला कधीच गेला नव्हता. एमिली जेरार्डने १८८५मध्ये तिथल्या समजुतींवर लिहिलेला लेख आणि ग्रंथालयांतली पुस्तकं यांवर त्याने काम भागवलं. आपल्याकडेही तशी सामग्री आहे. अनंत कान्हेरेंनी १९०९मध्ये ज्याच्यावर गोळ्या झाडल्या तो नाशिकचा कलेक्टर जॅक्सन शाळामास्तरांकडून भुताखेतांच्या आणि ग्रामदेवतांच्या समजुती गोळा करत असे. त्या नोंदी एन्थोवेनने १९१५मध्ये कोकणच्या लोकसमजुतींचा खंड म्हणून छापल्या. साहेबाच्या चष्म्यातून लिहिलेलं ते पुस्तक सावधपणे वाचावं लागतं, पण वाचावं जरूर.

स्टोकरकडे नव्हती ती सोय जोयड्याच्या बाबतीत मात्र अजून आहे. सुपा पाण्याखाली गेलं तेव्हा जे मूल दहा वर्षांचं होतं ते आज पन्नाशीच्या आसपास आहे. त्याची आई, आजी सांगायच्या त्या गोष्टी त्याला आठवत असतील. कुठल्या वळणावर चकवा लागायचा, कुठल्या झाडाखालून तिन्हीसांजेला जायचं नाही, गाव सोडताना सीमेवर कुणाला काय सांगून निघाले, हे विचारणारं कुणीतरी रामनगरला, जोयड्याला जायला हवं. ते कोकणी-मराठीच्या त्याच मिश्र बोलीत उतरवून घ्यायला हवं. प्रमाण मराठीत इस्त्री करून आणलं तर निम्मं हरवेल.

अनंत अंतरकरांच्या ‘नवल’ने गूढ आणि अद्भुत कथेला हक्काची जागा दिली आणि वाचक टिकवला. आज दिवाळी अंकांच्या संपादकांनी एवढं तरी करावं. तीन-चार तरुण लेखकांना उन्हाळ्यातच गाठावं आणि मानधनाबरोबर प्रवासखर्च द्यावा. बेळगावहून खानापूरमार्गे रामनगरला पाठवावं आणि निदान आठवडाभर तिथं राहू द्यावं. व्हॅम्पायर लिहायचा असेल तर खुशाल लिहावा. तो कुठल्या घराच्या ओसरीवर आला, त्याला आत कुणी बोलावलं आणि कोणत्या बोलीत बोलावलं, एवढं त्यांनी तिथं बसून ठरवावं.