शहरांत नोकरी शोधणारीं आमचीं मुलें

आमच्या जळकोट भागांतून दरसाल कितीएक मुलें परीक्षांच्या तयारीसाठीं पुण्यास जातात. कोणी कुणब्याचा, कोणी सुताराचा, कोणी लोहाराचा. पहिल्या वर्षीं बाप सोयाबीन विकून पैसे धाडतो, दुसऱ्या वर्षीं तुरी विकून. तिसऱ्या वर्षीं तो सावकाराचें दार धरतो. चौथ्या वर्षीं धाकट्या बहिणीची शाळा सुटते. ह्या चौथ्या वर्षाविषयीं आम्हांस आज लिहावयाचें आहे.

सन २०२३ सालीं सरकारनें तलाठ्यांच्या ४,६४४ जागांची जाहिरात दिली. अर्ज आले दहा लाखांहून अधिक. म्हणजे एका जागेस दोनशेंवर उमेदवार! फी राखीव वर्गांस ९०० रुपये व इतरांस १,०००. सर्वांची नऊशेंच धरली तरी नव्वद कोटी होतात. तेव्हां ज्याची निवड झाली नाहीं त्यास आळशी म्हणणाऱ्यांनीं आधीं हा हिशेब करावा. सर्वांनीं रात्रंदिवस वाचलें तरी जागा तेवढ्याच राहतात. जिल्हा परिषदांची २०१९ ची भरती तर जाहीर होऊन, वर्षें लोटून, शेवटीं रद्द झाली. फी परत देतां येईल, पण मुलांचें गेलेलें वय कोण परत देणार?

पण दोष सरकारचाच नव्हे. नोकरीची खबर आणतो कोण, ह्याचा विचार आमचे लोक करीत नाहींत. पूर्वीं मुंबईच्या गिरणींत मुकादम आपल्या गांवच्या माणसास आंत घेई. त्यानें दस्तुरी खाल्ली, जुलूमही केला. तथापि ओळखीचा एक मनुष्य दाराच्या आंत असे. आज पुण्याच्या एका खोलींत आठ मुलें राहतात तीं आठही दाराबाहेरचीं. तेंच पुस्तक, तीच जाहिरात एकमेकांस दाखवितात. कारखान्यांत, पेढींत, दवाखान्यांत कोठें जागा रिकामी आहे हें एकासही ठाऊक नसतें. ज्यांच्या तीन पिढ्या कचेरींत बसल्या त्यांच्या मुलांस तें घरीं जेवतां जेवतां कळतें. हा भेद बुद्धीचा नव्हे, ओळखीचा आहे. शाहू छत्रपतींनीं हें जाणलें होतें. १९०२ सालीं शेंकडा ५० जागा मागासलेल्यांस राखून ते थांबले नाहींत, कोल्हापुरांत जातीजातींच्या मुलांचीं वसतिगृहें उभीं राहतील असें त्यांनीं पाहिलें.

शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ पासून आहे. काम शिकतां शिकतां विद्यावेतन मिळतें. पण तिकडे जाणें आमच्या पदवीधरांस हलकें वाटतें. सुताराच्या मुलास रंधा धरण्याची लाज शाळेनें शिकविली, व त्यांत आम्हां मास्तरांचाही हात आहे हें कबूल केलें पाहिजे.

म्हणून बापांनो, मुलास गाडींत बसविण्यापूर्वींच मुदत ठरवा. आमच्या मतें दोन वर्षें पुरे. पुढें वाचावयाचें तर हातीं काहीं काम धरून वाचावें. मुलीच्या शाळेचे पैसे आधीं वेगळे काढा, उरतील त्यांतून पुण्याचा खर्च. सरकारनेंही जाहिरातींतच परीक्षेची, निकालाची व नेमणुकीची तारीख छापावी, आणि ती चुकल्यास फी न मागतां परत करावी.

आणि जे जळकोटकर पुण्यास, मुंबईस, हैदराबादेस कामावर लागले आहेत त्यांस आमची विनंति कीं, आपल्याकडे जागा रिकामी होतांच गांवच्या शाळेस कळवावें. फळ्यावर लिहिण्याचें काम आम्ही करूं.