‘प्लेटलेट्स किती?’च्या पुढे विचारा!

पावसाळ्यात होस्टेलवर कुणाला ताप आला की पहिला प्रश्न ठरलेला : ‘प्लेटलेट्स किती आल्या?’ पोरगं पाणी पितंय का, लघवीला जातंय का, पोटात दुखतंय का, हे कुणी विचारत नाही. आकडा लाखाच्या खाली गेला की ग्रुपवर डोनरची शोधाशोध सुरू आणि घरून पपईच्या पानांचा रस रवाना. बारामती असो की इंदापूर, सीन हाच. बरोबर ना?

आता ऐका. डेंग्यूवर उपचार कसे करायचे, याची केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. २०१४ मध्ये आली, २०२३ मध्ये सुधारून पुन्हा आली. त्यातल्या गोष्टी अगदी साध्या आहेत. तापाला फक्त पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको, कारण त्यानं रक्तस्रावाचा धोका वाढतो. पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ तपासणी, त्यानंतर आयजीएम, आणि दोन्ही एलायझा पद्धतीनं. (आयजीएमचं किट आपल्या पुण्याची एनआयव्ही पुरवते, देशभर!) आणि आपल्या लाडक्या प्लेटलेट्सचं काय? रक्तस्राव नसेल तर आकडा १० हजारांच्या खाली जाईपर्यंत त्या चढवायची गरज नाही. सिंगापूर आणि मलेशियात ३७२ रुग्णांवर अभ्यास झाला, तो २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. २० हजार किंवा त्याहून कमी प्लेटलेट्स असलेल्यांना त्या चढवूनही रक्तस्राव टळला नाही, उलट त्रास जास्त जणांना झाला.

खरा धोका वेगळाच आहे. तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो. आपल्याला वाटतं, सुटलो! नेमकं तेव्हाच काहींच्या रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपायला लागतो, रक्त घट्ट होतं, बीपी पडतं. म्हणून पोटात सतत दुखणं, थांबत नाहीत अशा उलट्या, हिरड्या-नाकातून रक्त, कमालीची सुस्ती ही धोक्याची लक्षणं आहेत. सीबीसीच्या रिपोर्टमध्ये पीसीव्ही नावाची एक ओळ असते. ती वाढत चाललीय का, हे प्लेटलेट्सइतकंच महत्त्वाचं. आपण तिच्याकडे बघतसुद्धा नाही.

मग डॉक्टर हे सगळं पाळतात का? माझं मत स्पष्ट आहे : सरकारनं कागद काढला म्हणजे तो दवाखान्यात पोहोचला असं होत नाही. भिगवण किंवा निमगाव केतकीतला पेशंट आधी गावातल्या डॉक्टरकडे जातो. ते बहुतेकदा बीएएमएस किंवा बीएचएमएस असतात, दिवसभर एकटे किल्ला लढवतात. २०२३ मध्ये काय बदललं, हे त्यांना कुणी बसून सांगितलंय का? आणि आपण तरी त्यांना नीट काम करू देतो का? ‘घरी जा, भरपूर पाणी प्या, उद्या परत दाखवा’ असं सांगणारा डॉक्टर आपल्याला बिनकामाचा वाटतो. सलाइन लावली की पैसे वसूल! पण गरज नसताना चढवलेलं सलाइन पोटात, छातीत साचू शकतं. अशा वेळी पुणं गाठायचं म्हणजे बारामतीतून शंभरेक किलोमीटर, इंदापुरातून आणखी लांब.

यावर उपाय महागडा नाही. २०१९ पासून बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्यांनी दर वर्षी जूनच्या आधी दोन्ही तालुक्यांतल्या सगळ्या डॉक्टरांना, पदवी कुठलीही असो, एक संध्याकाळ बोलवावं. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल नोंदणी टिकवायला एमबीबीएस डॉक्टरांकडून पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट्स मागतं. त्यातले एक-दोन डेंग्यूसाठी ठेवायला काय हरकत आहे? आणि धोक्याच्या लक्षणांचा मराठी तक्ता प्रत्येक दवाखान्यात, मेडिकलच्या काउंटरवर लागायला हवा. हे काम आपली एनएसएसची पोरं एका रविवारात उरकतील.

तोपर्यंत तुम्ही एवढं करा. मेडिकलमधून गोळी घेताना पाठीमागचं नाव वाचा, कारण तापाच्या काही गोळ्यांत पॅरासिटामॉलसोबत आयब्युप्रोफेनही असतं. आणि डॉक्टरांना चार गोष्टी विचारा : आज तापाचा कितवा दिवस धरायचा? पीसीव्ही किती? पाणी किती प्यायचं? काय झालं तर लगेच परत यायचं? यात उद्धटपणा काही नाही. चांगल्या डॉक्टरांना असे प्रश्न आवडतात. आणि ज्यांनी ती तत्त्वं अजून वाचली नसतील, ते तुमच्यामुळे कदाचित रात्री वाचतील.