हवालदाराला द्यायचं राहिलेलं उत्तर

राजस्थानच्या सीमेवर पोस्टिंगला असताना जिनिव्हा करारांवर वर्ग घ्यायचं काम माझ्याकडे आलं. पलटण मराठ्यांची. तिसऱ्या करारातलं पाचवं कलम मी समजावून सांगत होतो. शत्रूच्या बाजूने लढताना पकडलेला माणूस युद्धकैदी आहे की नाही अशी शंका आली, तर सक्षम न्यायाधिकरणाचा निर्णय होईपर्यंत त्याला युद्धकैद्याचंच संरक्षण द्यायचं. मागच्या रांगेतून एक हवालदार उठला. "साहेब, ज्यानं आपल्यावर गोळी झाडली तो कोण, हे ठरवायला पंच कशाला बसवायचे?"

वर्ग हसला. मीही हसलो आणि पुढच्या कलमाकडे वळलो. उत्तर राहून गेलं. आता आम्हा निवृत्तांच्या गप्पांत तेच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकतो, पण प्रश्न म्हणून नव्हे, निकाल म्हणून. म्हणून आज उत्तर देतो.

ही चौकशी म्हणजे शत्रूवर मेहेरबानी नव्हे. आपण कोणाला धरलंय, हे सैन्याला कळायलाच हवं. धरपकडीत सैनिक सापडतो, हेर सापडतो आणि जीव वाचवायला पळणारा गावकरीही सापडतो. १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकी सैन्याने अशा १,१९६ सुनावण्या घेतल्या. ३१० जण युद्धकैदी ठरले, बाकीचे विस्थापित नागरिक निघाले. या सुनावण्यांमुळे अमेरिका ते युद्ध हरली नाही.

त्याच अमेरिकेनं पुढे काय केलं ते पाहा. फेब्रुवारी २००२ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी एका आदेशात ठरवून टाकलं, की तालिबान आणि अल कायदाचा एकही माणूस युद्धकैदी नाही. शंकाच नाही, मग सुनावणी कशाला? ग्वांटानामोचा तुरुंग भरत गेला. जून २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कान उपटले, तेव्हा पुढच्याच महिन्यात घाईघाईने लष्करी मंडळं नेमली गेली. कैद्याला वकील नाही. गोपनीय पुरावा त्याला दाखवायचा नाही. सरकारचा पुरावा खरा, असं आधीच गृहीत. युद्धकैद्याचा दर्जा देण्याचा अधिकार मंडळाला नाहीच. ५५८ जणांच्या सुनावण्या झाल्या, सुटण्याजोगे ठरले फक्त ३८.

हे बाहेर काढलं ते एका फौजी माणसानेच. लेफ्टनंट कर्नल स्टीफन अब्राहम हे राखीव दलातले गुप्तवार्ता अधिकारी. एका कैद्याच्या मंडळावर ते बसले. पुरावा पोकळ होता, तिघाही अधिकाऱ्यांनी एकमताने तसं सांगितलं. वरून फेरविचार करायला लावलं, तरी ते हटले नाहीत. मग त्याच कैद्यासाठी दुसरं मंडळ बसलं आणि त्याने हवा तो निकाल दिला. अब्राहम यांना पुन्हा कुठल्याही मंडळावर बसवलं नाही. जून २००७ मध्ये त्यांनी हे सगळं शपथपत्रावर लिहून न्यायालयापुढे ठेवलं. वर्षभरात, १२ जून २००८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: या मंडळांवर भागणार नाही, कैद्यांना दिवाणी न्यायालयात दाद मागता आलीच पाहिजे.

माझा मुद्दा इथेच आहे. ज्या बोर्डाला 'नाही' म्हणायची मुभा नाही, ते बोर्ड नव्हे, शिक्का आहे. आणि त्या शिक्क्याखाली सही असते ती आपल्यासारख्या अधिकाऱ्याची.

तुम्ही म्हणाल, समोरचा कुठे नियम पाळतो? कॅप्टन सौरभ कालिया आणि त्यांच्या जवानांचं काय झालं, ते मला सांगायची गरज नाही. ते आठवलं की आजही माझ्या मुठी वळतात. पण त्याच कारगिलमध्ये पाकिस्तान म्हणत होता की वर चढलेले आमचे सैनिक नाहीत, मुजाहिदीन आहेत. आपण त्यांचं म्हणणं मान्य केलं नाही. मृतदेहांजवळची कागदपत्रं तपासली, ते नॉर्दर्न लाइट इन्फंट्रीचे सैनिक असल्याचं जगाला दाखवलं आणि त्यांच्या देशाने नाकारलेल्यांना लष्करी इतमामात दफन केलं. राजधानीतून आलेलं लेबल न मानता पुरावा बघण्यानेच आपली बाजू भक्कम झाली.

आणि १९७१ पासून बेपत्ता असलेले आपले ते ५४ जण? पाकिस्तान म्हणतो, आमच्याकडे कोणी नाही. माणूस नोंदीतच नसला, की त्याला शोधायचं कुठे? त्यांच्या घरच्यांनी पन्नास वर्षं हाच प्रश्न विचारलाय. दर्जा ठरवणं म्हणजे आधी त्या माणसाचं नाव कागदावर येणं.

तेव्हा आपली मागणी स्पष्ट हवी. पकडल्यापासून काही दिवसांत सुनावणी व्हावी, पकडणाऱ्या तुकडीबाहेरचे अधिकारी त्यावर असावेत, कैद्याचं म्हणणं त्याच्या भाषेत नोंदवलं जावं आणि विरोधी मत देणाऱ्याच्या गोपनीय अहवालाला त्याची झळ लागू नये. आपल्याकडे जिनिव्हा करारांचा कायदा १९६० पासून आहे. तो वर्गात शिकवून संपत नाही.

हवालदारसाहेब, पंच बसवायचे, कारण उद्या पलीकडच्या कोठडीत तुम्ही असाल. तेव्हा 'हा कोण?' असं कोणीतरी विचारावं आणि उत्तर लिहून ठेवावं, एवढीच तुमच्या घरच्यांची आशा असेल.