यात तुझं काय?

बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे आणि आज जरा तावातावानेच लिहिणार आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

विषय छापचित्रांचा. (याला ‘मुद्राचित्रण’ असा भारदस्त शब्द आहे, पण मी आपली छापचित्रं म्हणते.) माझ्या धाकट्या बहिणीची नात चित्रकलेच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. यंदा तिने लिनोकट करताना मध्ये मध्ये कॉम्प्युटर वापरला आणि ते लपवलं नाही. कुठे काय केलं त्याचे कागद ओळीने भिंतीवर लावले. परीक्षकांनी ते कागद काढायला लावले आणि विचारलं, "हे तर कॉम्प्युटरने केलंय. यात तुझं काय?" गुण कापले ते वेगळेच. त्याच आठवड्यात आमच्याच घरातल्या, आयटीत असलेल्या एका जावयांनी (वाचत असालच!) तिला समजावलं, की फोटोशॉपमध्ये फिल्टर असतो, दोन सेकंदात फोटोचा लिनोकट होतो, आता तर वाक्य टाइप केलं की एआय चित्र काढून देतं, मग आठ-आठ दिवस बोटं कापून घेण्यात काय अर्थ आहे?

एक म्हणतात कॉम्प्युटर वापरलास म्हणून हे तुझं नाही, दुसरे म्हणतात हात वापरलास म्हणून वेळ फुकट गेला. दोघांपैकी कोणीच चित्राकडे धड बघितलेलं नाही, एवढंच मला दिसतं.

मी चित्रकार नाही. मराठी आणि इतिहास शिकवण्यात हयात गेली. पण ही मुलगी सुट्टीत माझ्याकडे राहून जेवणाच्या टेबलावर हे उद्योग करत होती आणि मी समोर भाजी निवडत बघत होते. त्यामुळे काय घडलं ते सांगायचा हक्क मला आहे.

चित्र चाळीच्या जिन्याचं. एक म्हातारी कठडा धरून वर चढते आहे आणि भिंतीवर पाटी आहे, ‘जिना निसरडा आहे’. फोटो हिनेच काढलेला. त्या बाईंना वाचता येत नाही, त्या पाटीकडे बघतही नाहीत. जिना हाताने ओळखतात. हिला चित्र काढायचं होतं ते त्या हाताचं.

फोटो कॉम्प्युटरवर घेऊन तिने आधी तो आरशातल्यासारखा उलटा केला. लिनोवर कोरलेलं कागदावर उलटं उमटतं, म्हणून पाटीवरची अक्षरं उलटी कोरावी लागतात. नाना फडणविसांच्या काळात पुण्याच्या एका तांबटाला तांब्याच्या पत्र्यावर गीता कोरायला शिकवलं होतं आणि पुढे १८०५ साली मिरजेला ती छापली गेली. त्या तांबटाने अठरा अध्याय कसे कोरले असतील, हा विचार मी ती पाटी बघताना करत होते. असो, विषयांतर झालं.

मग तिने ‘थ्रेशोल्ड’ नावाचा प्रकार केला. ० ते २५५ मधला एखादा आकडा ठरवायचा. त्याहून उजळ ते सगळं पांढरं, बाकीचं काळं. फोटोशॉप आपणहून १२८ सुचवतं. १२८ ला पाटी छान वाचता येत होती, पण म्हातारीचा हात अंधारात गडप. आकडा खाली आणला तर हात उजळला, पण भिंत आणि पायऱ्या पांढऱ्याफटक झाल्या आणि पाटीवरची पुसट अक्षरं उडाली. तासभर ती तो आकडा मागेपुढे करत होती. पाटी आणि हात दोन्ही राखेल असा आकडाच नव्हता! कॉम्प्युटरला उजेड आणि अंधार कळत होता. हात कुठला आणि कठडा कुठला याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. शेवटी तिने स्क्रीन बंद केला, लिनोवर पेन्सिलीने रेखाटन केलं आणि हात पांढरा ठेवून कठडा अख्खा काळ्यात बुडवला. फोटोत कठडा स्पष्ट दिसतो. चित्रात तो नाही, फक्त काहीतरी घट्ट धरलेला हात आहे. जावईबापू, तुमचा फिल्टर हे करणार नाही. एआयला हात ओळखता येतो म्हणाल, येत असेल. पण हा हात दिसायलाच हवा आणि कठडा गेला तरी चालेल, हे त्याला कोणी सांगायचं? ज्याने तो जिना बघितलाय त्यानेच ना? आणि कठडा नको हे तिलाही त्या आकड्याशी तासभर झटापट केल्यावरच कळलं.

पुढचं काम हाताचं. लिनो म्हणजे जवसाचं तेल, बुचाचा भुसा आणि राळ यांचा तागाच्या कापडावर बसवलेला थर. उन्हात ठेवला की मऊ पडतो आणि हत्यार सुरळीत चालतं. हत्याराचं टोक कुठे इंग्रजी व्हीसारखं, कुठे यूसारखं. कोरून निघालं ते निघालं, परत भरता येत नाही. तिसऱ्या दिवशी हत्यार सटकलं आणि ‘निसरडा’मधल्या ‘ड’ची शेपटी उडाली. पोरगी रडवेली झाली. मग म्हणाली, "आजी, पाटी तशीही जुनीच आहे," आणि आणखी दोन अक्षरांचे टवके स्वतःहून काढले.

घरी प्रेस कुठला? शाई लावून वर कागद ठेवला आणि माझ्या स्टीलच्या चमच्याच्या पाठीने घासून बारा प्रती काढल्या. एक स्कॅन केली. स्कॅनखाली रंगांचे थर लावून ‘मल्टिप्लाय’ केलं, म्हणजे पारदर्शक शाईवर शाई चढल्यासारखं दिसतं. वीसेक रंग बघून झाल्यावर तिने मळकट हळदीचा पिवळा निवडला, खिडकीतून येणाऱ्या उजेडासाठी, आणि तेवढ्यासाठी दुसरा लिनो कोरला. कागदावर तो पिवळा स्क्रीनवरच्यासारखा आलाच नाही. तिथे रंग उजेडाचा असतो, इथे शाईचा. शिवाय दुसरा ठसा केसभर डावीकडे सरकला आणि हातावरचा उजेड भिंतीवर सांडला. पुन्हा खुणा आखल्या, पुन्हा छापलं.

आता परीक्षक महोदयांना विचारते, भिंतीवरून काढायला लावलेले कागद ते हेच. ‘यात तुझं काय’ याचं उत्तर त्याच कागदांवर होतं की!

आणि हाच प्रश्न लावायचा तर होकुसाईलाही लावा. त्याची ती जगप्रसिद्ध लाट, साधारण १८३१ सालची. त्याने रेखाटन केलं; लाकूड कोरलं दुसऱ्यांनी, छापलं तिसऱ्यांनी, पैसे लावले प्रकाशकाने. यात होकुसाईचं काय? आपल्याकडे रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. रंगागणिक वेगळा दगड, आणि त्या दगडांवर काम करणारे कारागीर वेगळेच. ‘कॅलेंडरातली चित्रं’ म्हणून जाणकारांनी नाकं मुरडली. आमच्या आजोळी त्यातल्या लक्ष्मीला आजीने जरीचं लुगडं आणि टिकल्या चिकटवल्या होत्या. त्याच्याही आधी, १८४१ साली गणपत कृष्णाजींनी मुंबईत मराठी पंचांग छापलं, तेव्हा शाईत चरबी असते म्हणून सोवळी माणसं छापील कागद शिवेनात. मग त्यांनी तुपाची शाई केली असं सांगतात. आजच्या परीक्षकांना कॉम्प्युटरचा विटाळ होतो, एवढाच काय तो फरक.

बरं, तो कॉम्प्युटर तरी कुठून आला? फोटोशॉपमध्ये फोटोचा एखादा भाग उजळायला काडीवरच्या चकतीचं चित्र आहे आणि गडद करायला मुडपलेल्या हाताचं. अंधाऱ्या खोलीत फोटो धुणारे लोक तारेला पुठ्ठ्याची चकती लावून उजेड अडवत आणि हाताच्या पोकळीतून हवा तिथे जास्त उजेड पाडत, त्याचीच ती चित्रं. ज्याने कधी हाताने छापलं नाही त्याला ती दोन चिन्हं वाटतात. आमच्या नातीला ती हत्यारं वाटतात.

माझ्या नोकरीतली निम्मी वर्षं आम्ही प्रश्नपत्रिका सायक्लोस्टाइलवर काढल्या. मेणकागदावर लोखंडी लेखणीने कोरायचं. चुकलं तर लाल औषध फुंकून वाळवायचं, आणि त्याचा डाग शेवटच्या प्रतीपर्यंत. म्हणून प्रश्न आधी डोक्यात पक्का करावा लागे. शाळेत कॉम्प्युटर आल्यावर स्टाफरूममध्ये गेल्या वर्षीचीच प्रश्नपत्रिका तारीख बदलून निघू लागली. यात कॉम्प्युटरचा दोष नाही. पण कोरण्याची सवय सुटल्यावर काय होतं ते मी बघितलेलं आहे.

एक गोष्ट मात्र मी परीक्षकांच्या बाजूने मान्य करते. तिने बारा प्रतींवर पेन्सिलीने १/१२, २/१२ असे आकडे घातलेत, तो शब्द दिल्यासारखा असतो: तेरावी निघणार नाही. तांब्याच्या पत्र्यावर सुईने ओरखडून चित्र केलं तर दाबाखाली त्याची कड लवकर झिजते, प्रती आपोआपच मोजक्या निघतात. फाइल झिजत नाही. तेव्हा तैलचित्र स्कॅन करून इंकजेटवर छापायचं आणि ‘मर्यादित आवृत्ती’ म्हणून विकायचं, वर ‘झिक्ले’ असं फ्रेंच नाव द्यायचं (अमेरिकेत १९९१ साली काढलेलं!), यावर कोणी चिडलं तर मीही चिडेन. पण मग प्रत्येक चित्राखाली ते कसं केलं हे लिहायला लावा. हिने तर भिंतभर लिहिलं होतं, तेच तुम्ही काढायला लावलंत.

पुनर्मूल्यांकनाचा अर्ज मी तिच्याकडून लिहून घेतला आहे, शुद्धलेखन तपासून! काय होतं ते कळवीनच. दरम्यान तिला तिसरा लिनो कोरायचा आहे आणि इथल्या दुकानात मिळतो तो फार ठिसूळ निघतो. पुण्यात किंवा मुंबईत तागाच्या पाठीचा जाड लिनो कुठे मिळतो हे कोणाला माहीत असेल तर खाली लिहा. जावईबापूंनी आणून दिला तरी चालेल.