क्रेडिटचा हिशेब डिपॉझिटच्या आधी हवा

अमेरिकेतलं पहिलं सरकारी कम्युनिटी कॉलेज निघालं, त्यामागे एका खासगी विद्यापीठाचे अध्यक्ष होते. शिकागो विद्यापीठाचे विल्यम रेनी हार्पर आणि इलिनॉयमधल्या जोलिएट इथल्या हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राऊन यांनी १९०१ मध्ये सहा विद्यार्थ्यांना घेऊन पदवीच्या पहिल्या दोन वर्षांचे वर्ग सुरू केले. मुलांनी घरी राहून ही दोन वर्षं पुरी करावीत आणि मग विद्यापीठात जाऊन पुढचं शिकावं, एवढी साधी कल्पना होती.

आज अशी हजाराच्या आसपास कॉलेजं आहेत. त्यांची सरासरी फी वर्षाला चार हजार डॉलरच्या घरात आहे, तर खासगी ना-नफा कॉलेजांची जाहीर फी सरासरी त्याच्या दहापट. त्यामुळे बेताच्या उत्पन्नाच्या घरांना हा मार्ग परवडतो. कम्युनिटी कॉलेजात पाऊल टाकणाऱ्या दर दहांपैकी आठ जणांना पुढे चार वर्षांची पदवी हवी असते. प्रत्यक्षात सुमारे एक तृतीयांश विद्यार्थीच दुसरीकडे बदली घेतात आणि सहा वर्षांत पदवी हातात पडते ती जेमतेम सोळा टक्क्यांच्या. नोकरी, लहान मुलं, घरभाडं अशी कारणं यामागे आहेतच. पण एक कारण पूर्णपणे कॉलेजांच्या हातातलं आहे: आधी मिळवलेली क्रेडिट, म्हणजे पूर्ण केलेल्या पेपरांबद्दल मिळणारी अभ्यासाची एककं, धरायची की नाही.

अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण यंत्रणेनं २०१७ मध्ये यावर अहवाल दिला. २००४ ते २००९ या काळात कॉलेज बदललेल्या विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट वाया गेली होती. पदवीला साधारण १२० क्रेडिट लागतात. साठ क्रेडिट घेऊन आलेल्या मुलाची त्यातली सव्वीस गेली, तर जवळपास एक वर्ष पुन्हा शिकणं आलं, आणि तेही महागड्या कॉलेजच्या दरानं. गरीब विद्यार्थ्यांना मिळणारं केंद्राचं पेल अनुदान आयुष्यात बारा सत्रांपुरतंच असतं. शिकलेलंच पुन्हा शिकताना तेही संपत जातं.

यात एक बारकावा आहे आणि तिथेच बहुतेक घरं फसतात. 'आम्ही तुमची साठ क्रेडिट स्वीकारतो' असं पत्र कॉलेजकडून येतं. घरात आनंद होतो. स्वीकारलेली क्रेडिट पदवीच्या कुठल्या रकान्यात बसणार, हे मात्र त्या पत्रात नसतं. मानसशास्त्राचा पेपर मुख्य विषयात न धरता 'ऐच्छिक'मध्ये टाकला, तर क्रेडिट कागदावर राहतं आणि मुख्य विषयाचा तो पेपर पुन्हा द्यावा लागतो. शिवाय कित्येक खासगी कॉलेजांची अट असते की निम्मी क्रेडिट आमच्याकडेच मिळवायची. जेझुइट या कॅथलिक संघाच्या कॉलेजांत तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्राचे सक्तीचे पेपर असतात, ते कम्युनिटी कॉलेजात बहुधा झालेले नसतात. कोणता पेपर कशाच्या बदल्यात धरायचा, हे अनेकदा त्या त्या विभागाचे प्राध्यापक अभ्यासक्रम वाचून ठरवतात. त्याला आठवडे लागतात. तोवर प्रवेश पक्का करण्याचं डिपॉझिट भरून झालेलं असतं, दुसऱ्या कॉलेजची जागा सोडलेली असते.

सरकारी विद्यापीठांवर राज्याला कायदा लावता येतो. न्यू जर्सीनं २००७ मध्ये तेच केलं. लॅम्पिट कायद्यानुसार कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची कला किंवा विज्ञान शाखेची असोसिएट पदवी घेऊन आलेल्या विद्यार्थ्याचं शिक्षण राज्यातल्या सरकारी विद्यापीठांना पदवीचा पहिला अर्धा भाग म्हणून धरावं लागतं. राज्यातल्या एडिसन परिसरात मराठी कुटुंबं मोठ्या संख्येनं आहेत आणि मिडलसेक्स हे कम्युनिटी कॉलेज त्याच गावात आहे. तिथून रटगर्स या सरकारी विद्यापीठात जाणाऱ्या मुलाच्या पाठीशी हा कायदा आहे. तोच मुलगा खासगी कॉलेजात गेला, तर त्या एका कॉलेजनं मिडलसेक्सशी काय करार केला आहे, यावर सगळं अवलंबून.

खासगी कॉलेजांची बाजू पोकळ नाही. अभियांत्रिकीत एका गणितावर दुसरं उभं असतं. पाया कच्चा असलेल्या मुलाला तिसऱ्या वर्षात बसवणं हा त्याच्यावरच अन्याय. आपल्या नावाची पदवी देणाऱ्या संस्थेनं ती कशासाठी दिली, याचं उत्तर द्यायलाच हवं. पण नाकारलेल्या प्रत्येक क्रेडिटमागे कॉलेजला फी मिळते, हेही तितकंच खरं. ज्याला नकारातून पैसा मिळतो त्यानंच बंद दाराआड निकाल द्यायचा, ही पद्धत चुकीची आहे.

आणि ही मुलं कमी पडतात, या समजाला आधार नाही. कम्युनिटी कॉलेजातून निवडक, नामांकित संस्थांत गेलेले विद्यार्थी थेट शाळेतून आलेल्यांच्या बरोबरीनं किंवा त्याहून जास्त प्रमाणात पदवी पूर्ण करतात, असं जॅक केंट कुक फाउंडेशनच्या २०१९ च्या अभ्यासात दिसलं. प्रिन्स्टननं १९९० मध्ये बंद केलेलं ट्रान्सफरचं दार २०१८ मध्ये पुन्हा उघडलं, तेव्हा प्रवेश देऊ केला तेरा जणांना. त्यांत माजी सैनिक आणि कम्युनिटी कॉलेजचे विद्यार्थी होते. इतक्या श्रीमंत विद्यापीठाच्या मानानं ही संख्या फारच लहान आहे.

कॅलिफोर्नियानं यावर कामाचा तोडगा काढला. २०१० च्या कायद्यानं तिथे 'ट्रान्सफरसाठीची असोसिएट पदवी' आली, पण ती राज्याच्या स्वतःच्या एका विद्यापीठ-समूहापुरती. २०१८ मध्ये राज्यानं खासगी ना-नफा कॉलेजांच्या संघटनेशी करार घडवून आणला आणि त्याला पैशाची जोड दिली. खासगी कॉलेजात शिकणाऱ्या गरजू विद्यार्थ्याला राज्याच्या कॅल ग्रँटमधून वर्षाला ९,०८४ डॉलर मिळत. ही रक्कम तशीच राहावी असं वाटत असेल, तर या पदवीचे ठरलेल्या संख्येइतके विद्यार्थी घ्या, अशी अट घातली गेली. बरीच कॉलेजं तयार झाली. स्वायत्ततेला हात न लावता राज्यानं आपलं म्हणणं पुढे नेलं, कारण खासगी म्हणवणाऱ्या कॉलेजातही करदात्याचा पैसा जातच असतो.

महाराष्ट्रानं हे नीट पाहायला हवं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर २०२१ मध्ये अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स सुरू झाली. क्रेडिट सात वर्षांपर्यंत जमा ठेवता येतात, एका संस्थेतून दुसरीकडे नेता येतात. निम्मी मात्र पदवी देणाऱ्या संस्थेतच मिळवावी लागतात. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन थांबता येईल आणि पुन्हा परतता येईल, असं मुलांना सांगितलं जातं. परतणारी मुलं कोण असतील? घरची शेती सांभाळायला किंवा नोकरीसाठी मध्येच थांबलेली. क्रेडिट खात्यात जमा असणं आणि नव्या कॉलेजनं ते पदवीच्या नेमक्या पेपरात धरणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेतली मुलं याच फटीत अडकली आहेत.

राज्य सरकार शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून खासगी व्यावसायिक कॉलेजांतल्या पात्र विद्यार्थ्यांची निम्मी फी भरतं, आणि २०२४ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या पात्र मुलींची पूर्ण फी. या पैशाला दोन अटी जोडता येतील. कोणत्या कॉलेजचा कोणता पेपर कशाच्या बदल्यात धरला जाईल, याची यादी दर वर्षी प्रवेशाआधी जाहीर करावी. आणि बदलीवर येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिला रुपया घेण्याआधी पेपरनिहाय लेखी हिशेब द्यावा. जे नाकारलं त्याचं कारण त्यात असावं, आणि त्या कारणाविरुद्ध विद्यापीठाकडे दाद मागता यावी.